गणपतीला गावची गाडी स्टार्ट होत नाही? कार्बोरेटर खोलायच्या आधी हे वाचा

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत आमच्या वाडीत एक आवाज हमखास ऐकू येतो, किका मारल्याचा. चाकरमानी मुंबईहून येतो, मे महिन्यात पडवीत लावून गेलेल्या गाडीवरचं प्लास्टिक काढतो, किक मारतो, मारतो, पायाची नडगी सोलून घेतो, आणि मग म्हणतो "कार्बोरेटर गेला". मीही त्यातलाच. माझ्याकडे वडिलांची 2003 ची स्प्लेंडर आहे, गुहागर तालुक्यात गावी असते, आणि गेल्या सहा-सात वर्षांत मी तिचा कार्बोरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, इतक्या वेळा उगाच खोललाय की आता उशिरा का होईना पण कळलंय की दहातल्या निम्म्या वेळा दोष त्याच्यात नसतोच. म्हणून हे लिहितोय. मी मेकॅनिक नाही, पण जिथे जिथे फसलो ते सगळं सांगतो.

हे सगळं जुन्या चार-स्ट्रोक बाईकला लागू आहे, 100-150 सीसीच्या. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आल्यावर बहुतेक नव्या गाड्या इंजेक्शनच्या, म्हणजे बिनकार्बोरेटरच्या झाल्या, तुमची तसली असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

आधी सामान गोळा करा

गाडीसोबत आलेला प्लग पाना, दहाचा पाना, नीट बसणारे दोन स्क्रूड्रायव्हर (एक चपटा, एक स्टार), काचेची आरपार दिसणारी बाटली किंवा जुना ग्लास, सुती फडकं, एक ताट किंवा परात, कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे, पायाने मारायचा हवेचा पंप, आणि मोबाईल, फोटो काढायला. स्क्रूड्रायव्हरचं "नीट बसणारे" हे उगाच नाही लिहिलं. जेट, म्हणजे पेट्रोल जायचं बारीक भोक असलेले कार्बोरेटरमधले स्क्रू, पितळेचे असतात, लोण्यासारखे मऊ. एकदा खाच सोलली की मग तो जेट काढायला कोणीतरी ड्रिल घेऊन बसतो.

पार्ट आणायला तालुक्याला जाणार असाल तर आरसीचा फोटो, गाडीचं साल आणि कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेलं कंपनीचं नाव लिहून न्या. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या सालात वेगळा कार्बोरेटर आलेला असू शकतो. "स्प्लेंडरचं किट द्या" म्हणून आणलेलं किट बसलं नाही की परत चाळीस किलोमीटर.

आणि हे काम खळ्यात, म्हणजे अंगणात करा, पडवीत नको. गणपतीचे दिवस, आत निरांजन, उदबत्ती, बाहेर पोरांचे फटाके. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबून पेटते. काढलेलं खराब पेट्रोल विहिरीच्या बाजूला किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका, डब्यात झाकून ठेवा आणि गॅरेजला द्या.

1. गाडी नेमकी केव्हा बिघडते ते लिहून काढा

हसू नका, खरंच कागदावर लिहा. थंड असताना की गरम झाल्यावर? चोक (थंड गाडीला हवा कमी करणारी पट्टी) ओढून चालते का, चोक सोडला की मरते का? आयडलिंगला, म्हणजे मूठ न पिळता उभी असताना, बंद पडते की पळताना? चढाला झटके देते की सपाटीवर पण? किती अंतर गेल्यावर? थांबून पाच मिनिटांनी परत चालू होते का?

मेकॅनिककडे जाऊन "गाडी नीट चालत नाय" एवढंच सांगितलं तर तो कार्बोरेटर साफ करून देणार, दुसरं काय करणार बिचारा. पण "चोकवर मस्त चालते, चोक काढला की बंद" एवढं एक वाक्य सांगितलंत तर त्याचं निम्मं काम झालं.

2. कार्बोरेटरला हात लावायच्या आधी या पाच गोष्टी

पहिली, पेट्रोल. माझे काका अजून मला चिडवतात, कारण एकदा मी प्लग काढून, फिल्टर काढून तासभर घामाघूम झालो आणि ते सुपारी कातरत लांबूनच म्हणाले, "आरं, कॉक तरी खोललास काय?" टाकीखालचा पेट्रोलचा नळ तो, नव्हता खोललेला. 

दुसरी, कॉकमधून पेट्रोल येतं का. कार्बोरेटरकडचा रबरी पाईप काढा, खाली ग्लास धरा, कॉक चालू करा. सलग धार आली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर टाकीचं झाकण उघडून परत बघा. झाकण उघडल्यावर धार सुरू झाली तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. उघडूनही थेंबच असेल तर कॉकच्या जाळीत गंज नाहीतर कचरा आहे.

तिसरी, प्लगला स्पार्क. प्लग काढून टोपीत घाला, धातूचा भाग इंजिनला टेकवा आणि किक मारा, पण प्लगच्या भोकापासून लांब टेकवा कारण तिथून पेट्रोलची फवार बाहेर येते. निळसर कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर आधी नवा प्लग घाला.

चौथी, एअर फिल्टर. आमच्याकडे उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ आणि पावसाळ्यात दमट, दोन्ही मिळून फिल्टरवर अक्षरशः लाल लेप बसतो. एकदा फिल्टरच्या डब्यात उंदराने चिंध्या आणि सुपारीची टरफलं भरून व्यवस्थित बाळंतपण केलेलं निघालं. फिल्टर बंद म्हणजे हवा कमी, हवा कमी म्हणजे पेट्रोल जास्त, आणि मग शिव्या कार्बोरेटरला.

पाचवी, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब). किक अगदी हलकी, पोकळ लागत असेल तर कार्बोरेटर सोडा आणि सरळ मेकॅनिक गाठा.

3. बाऊल रिकामा करून ग्लासात बघा

माझ्या मते सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात सोपी गोष्ट ही आहे आणि ती कोणी करत नाही. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीला, म्हणजे फ्लोट बाऊलला, तळाशी एक ड्रेन स्क्रू असतो. कॉक बंद करा, ड्रेनच्या पाईपखाली ग्लास धरा, स्क्रू थोडा ढिला करा. जे येईल ते उजेडात धरून दोन मिनिटं स्थिर ठेवा.

पाणी असेल तर तळाला जाऊन बसतं, अळूच्या पानावर जसा थेंब गोल होऊन फिरतो तसा ग्लास हलवला की तळात गोळा होऊन फिरतो. पेट्रोल गडद, चहासारखं आणि वार्निशसारखा उग्र वास मारणारं असेल तर ते उभ्या गाडीत खराब झालंय. पांढरी भुकटी दिसली तर वाटीचा धातू खाल्ला जातोय. तांबडे कण म्हणजे टाकीतला गंज.

यात आपल्याकडचा खास भाग असा की 2023 च्या फेब्रुवारीपासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं, आता जवळपास सगळीकडे तेच आहे, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यात अर्धी रिकामी टाकी जून ते ऑगस्ट उभी ठेवलीत तर आत काय होणार सांगा. ओलावा जास्त झाला की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळं होतं आणि खाली बसतं, आणि कॉक खालूनच ओढतो. जुन्या गाड्यांचे रबरी पाईप आणि वॉशर या पेट्रोलसाठी बनवलेलेही नव्हते, ते फुगतात, चिरतात.

पाणी किंवा जुनं पेट्रोल निघालं तर टाकी पूर्ण रिकामी करा, ताजं दोन लिटर घाला, बाऊल दोनदा भरून दोनदा सोडा. खूपदा गाडी इथेच चालू होते आणि पुढचा सगळा लेख वाचायची गरज उरत नाही. ड्रेन स्क्रू परत लावताना जोर लावू नका, आटे गेले तर अख्खा बाऊल नवा.

4. चोक काय सांगतो

चोक ओढला की हवा कमी होते, मिश्रण जाड होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त. त्यामुळे गाडी चोकवर नीट चालत असेल आणि चोक सोडल्यावर मरत असेल तर तिला पेट्रोल कमी मिळतंय: स्लो जेट (मूठ बंद असताना पेट्रोल देणारा) बुजलाय, किंवा कुठूनतरी फालतू हवा आत शिरतेय. उलट गरम गाडी चोक जरा ओढताच आणखी भकाभका करायला लागली, सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा वास, तर आधीच पेट्रोल जास्त होतंय. तेव्हा फिल्टर बघा, चोकची पट्टी पूर्ण परत येते का बघा, नंतर फ्लोट, म्हणजे बाऊलमध्ये पेट्रोलवर तरंगणारा भाग.

5. प्लगचा रंग

विटकरी-तपकिरी म्हणजे बरं चाललंय. कोरडा काळा, काजळीसारखा म्हणजे पेट्रोल जास्त. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, असली गाडी तापते, अशीच दामटवू नका. काळा आणि तेलकट ओला असेल तर तो कार्बोरेटरचा विषय नाही, इंजिन ऑईल जाळतंय. एकच काळजी घ्या, प्लग चार-पाच किलोमीटर नीट चालवून आल्यावर बघायचा. खळ्यात उभ्या उभ्या दहा मिनिटं चोकवर घुमवून बघितलात तर काळाच दिसणार.

6. मूठ किती पिळल्यावर बिघडते

कार्बोरेटरमध्ये एकच भोक नसतं, मूठ जशी पिळाल तसा एकेक भाग कामाला लागतो, म्हणून बिघाड कुठे आहे ते मूठच सांगते. मुठीला चार भाग करून पट्टी चिकटवा आणि खूण करा, मग मोकळ्या रस्त्यावर चालवा.

मूठ बंद ते अगदी थोडी उघडी, इथे मारामारी असेल, आयडलिंग टिकत नसेल, तर स्लो जेट आणि एअर स्क्रू, म्हणजे आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा स्क्रू. मधला भाग, पाव ते पाऊण, इथे झटके देत असेल तर स्लाईडमधली, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या तुकड्यातली, लांब सुई, तिची क्लिप, आणि सुई ज्यात उतरते ती नळी झिजलीय का. पाऊण ते पूर्ण, इथे दम सुटत असेल तर मेन जेट. आणि पूर्ण मुठीवर आधी छान पळून मग थोड्या अंतरावर मरत असेल तर जेट नाही, बाऊलमध्ये पेट्रोल पुरेसं येतच नाहीये.

या शेवटच्या प्रकाराने मला दीड महिना रडवलं. मागच्या वर्षी गाडी घरून मस्त निघायची, किलोमीटरभर गेली की खोकल्यासारखं करून बंद. पाच मिनिटं थांबलं की परत चालू. दापोलीहून येताना दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून उतरतानाच बंद पडली, मागे दोन सुमो, एक टेम्पो, सगळे हॉर्न मारतायत आणि मी गाडी ढकलत चढावर. एका गॅरेजमध्ये दोनदा कार्बोरेटर साफ झाला, किट बदललं, कॉक बदलला, तरी तेच.

शेवटी एका रविवारी कंटाळून मी कार्बोरेटरला लटकणारे दोन बारीक रबरी पाईप काढले, ते आम्ही सगळे नुसते काढून परत लावत होतो, आणि एकेकात तोंडाने फुंकर मारली. एक मोकळा. दुसरा बंद. ब्लेडने चिरला तर आत बोटभर लांबीची वाळलेली माती, घट्ट, आणि मातीच्या कोनाड्यात एक सुकलेली अळी. कुंभारीण माशी! पडवीत गाडी उभी, पाईपचं टोक खाली, तिला आयतं घर मिळालं.

आता एवढ्याने गाडी का बंद पडावी? तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल कसं गडगड करत थांबून थांबून येतं आणि दुसरं भोक पाडलं की सरळ धार लागते, तेच. बाऊलमध्ये वरून हवा येण्यासाठी तो पाईप असतो. तो बंद झाला की पेट्रोल संपत जाईल तसा आत पोकळ ताण तयार होतो आणि जेटमधून पेट्रोल वर चढेनासं होतं. टाकीच्या झाकणाचंही हेच गणित. वीस रुपयांचा पाईप होता तो.

7. फालतू हवा शिरते का

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये मॅनिफोल्ड, म्हणजे जोडणारी नळी असते, तिथे ओरिंग (रबरी कडी) किंवा पॅकिंग. ते दबलं, चिरलं की तिथून हवा आत. लक्षणं: आयडलिंग आपोआप वर-खाली, मूठ सोडली तरी आवाज लगेच खाली येत नाही, सोडताना फट्-फट्. तपासायला लोक त्या सांध्यावर पेट्रोल किंवा स्प्रे मारतात, गरम इंजिनवर ते करू नका. इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली घ्या आणि सांध्यावर फवारा. इंजिनचा आवाज बदलला की सापडलं.

8. खालून पेट्रोल गळतंय

फ्लोट निडल, म्हणजे फ्लोट वर आला की पेट्रोलची वाट बंद करणारी सुई, नीट बसत नाहीये. आधी कॉक बंद, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाऊलवर हलकेच दोन टपल्या मारा, अडकलेला कचरा सुटला तर सुटला. नाही सुटला तर खोलावं लागेल. निडलच्या टोकाला गोल चर पडलाय का बघा, आणि फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत खळखळ आवाज आला तर तो फुटलाय.

मात्र एक गोष्ट विसरू नका. ओव्हरफ्लो होणारी गाडी रात्रभर कॉक चालू ठेवून लावलीत तर पेट्रोल इंजिनातही उतरू शकतं. सकाळी ऑईलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑईल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

9. खोलायचंच झालं तर

प्रत्येक पायरीला फोटो. सगळं परातीवर करा, खळ्यात चिऱ्यांवर नको. एअर स्क्रूची स्प्रिंग माझी चिऱ्यांच्या फटीत गेली ती अजून तिथेच आहे.

एअर स्क्रू काढायच्या आधी तो आत पिळत किती फेरे झाले ते मोजा आणि लिहा, "पावणेदोन" वगैरे. तळाला टेकला की थांबा, आवळू नका. हा आकडा म्हणजे तुमचा परतीचा रस्ता. पहिल्यांदा मी एअर स्क्रू आणि आयडलिंगचा स्क्रू दोन्ही न मोजता पिळले आणि मग मूळ बिघाड कुठला आणि मी केलेला कुठला हेच कळेना.

क्लीनर मारायच्या आधी सगळे रबर बाहेर काढा. बाऊलची ओरिंग क्लीनरने फुगते आणि मग खाचेत बसतच नाही, तिथे पिना टोचत बसू नका, दिवसभर वाळू दे, बऱ्याचदा परत बसते, नाहीतर नवी घ्या.

जेट उजेडात धरून बघा, आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. स्लो जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं, ते बुजलेलं डोळ्याला चटकन कळत नाही. तार, सुई, ब्रशची काडी काही घालू नका, पितळ घासून भोक मोठं होतं आणि एव्हरेज कायमचं जातं. स्प्रे, हवा, परत स्प्रे. त्याने नाहीच निघालं तर मासे धरायच्या गरीचा बारीक तंगूस घालून बघा, नायलॉन असल्यामुळे पितळेला ओरखडा येत नाही, आणि आमच्याकडे तो कुठल्याही घरात मिळतो. जेटइतकेच कार्बोरेटरच्या अंगातले बारीक रस्ते महत्त्वाचे, एका भोकात हवा मारली की दुसरीकडून बाहेर आली पाहिजे.

परत बसवताना स्लाईड उलटी बसत नाही ना बघा, तिला खाच असते. आणि गाडी चालू करायच्या आधी मूठ पिळून सोडा, खट् करून परत आली पाहिजे, हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवूनही बघा. स्लाईड अडकलेली गाडी गिअरमध्ये टाकणं म्हणजे समोरच्या गडग्यावर जाणं.

10. ट्यूनिंग

दोन-तीन किलोमीटर फिरवून गाडी गरम करा. आयडलिंगचा स्क्रू जरा वाढवा. मग एअर स्क्रू पाव-पाव फेरा हळूहळू फिरवत जिथे आवाज सगळ्यात वर आणि सगळ्यात स्वच्छ येतो तिथे थांबा, मग आयडलिंग खाली आणा. आणखी एक घोळ इथे होतो: स्क्रू कार्बोरेटरच्या फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत पिळला की पेट्रोल वाढतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, आत पिळला की कमी होतं. मित्राच्या गाडीचा सल्ला तुमच्या गाडीला उलटा पडतो तो यामुळे.

पीयूसी हीसुद्धा तुमची परीक्षाच समजा. जुन्या गाडीची ती सहा महिन्यांची असते, आणि माझ्या गाडीच्या काळातल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा 3.5 टक्के. मशीनवर आकडा त्याच्या वर गेला तर प्लग न बघताही समजा, पेट्रोल जास्त चाललंय.

11. मुंबईला परत जाताना

एवढं सगळं केलंत आणि पंचमीला किंवा अनंत चतुर्दशीनंतर गाडी तशीच लावून गेलात तर शिमग्याला परत हेच. निघायच्या आदल्या दिवशी कॉक बंद करून गाडी चालू ठेवा, बाऊलमधलं पेट्रोल संपून आपोआप बंद पडू दे, उरलेलं ड्रेनने सोडा. टाकी एकतर काठोकाठ भरा नाहीतर पूर्ण रिकामी करा, अर्धी ठेवू नका. प्लास्टिकने घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो, जुनी सुती चादर बरी.

आणि त्या दोन रबरी पाईपांच्या टोकांना जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधा. बूच नका मारू, हवा जायला हवी, फक्त कुंभारीण नको.